मार्केता उभी का होती

गाडी रस्ता सोडून खाली उतरली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. जानेवारीत, उत्तरेकडच्या कायनू प्रांतात, दोन म्हणजे दिवेलागणीचीच वेळ. बर्फावर निळसर उजेड उरलेला, आणि रस्ता कुठं संपतो नि चर कुठं सुरू होतो हे डोळ्यांनी सांगता येऊ नये अशी ती वेळ.

रायमो केत्तुनेन चौदा वर्षं पालिकेच्या फिरत्या वाचनालयाची गाडी चालवत होता. साडेतीन हजार पुस्तकं, मागं कललेल्या फळ्या, दाराशी ग्रंथपालासाठी बोल्टांनी बसवलेली, पट्ट्याची घडीची खुर्ची. त्या खुर्चीवर अकरा वर्षं मार्केता हाल्मे बसत होती. दर दुसऱ्या गुरुवारी ते दोघं तळ्याकाठच्या नऊ वाड्या करत. वर्षभरात दोघं आपापल्या घरच्यांपेक्षा एकमेकांशीच जास्त बोलत असतील. बोलणं म्हणजे तरी काय, ती त्याला ड्रायव्हरसाहेब म्हणून चिडवायची आणि तो तिच्या विणलेल्या टोपीला मधमाश्यांचं पोळं म्हणायचा.

त्या दिवशी समोरून ओंडक्यांचा ट्रक आला. रस्ता अरुंद, म्हणून रायमोनं गाडी उजवीकडे घेतली. सकाळीच बर्फ सारणारी गाडी येऊन गेली होती आणि तिनं ढकललेला बर्फ साइडपट्टीच्या पुढं चरावर असा सपाट बसला होता की रस्ताच हातभर रुंद झाल्यासारखा दिसावा. उजवी चाकं त्या खोट्या रस्त्यावर गेली आणि खाली बसली. कुणी तरी चाकाला धरून ओढावं तशी गाडी चरात गेली. ताशी साठचा वेग होता, त्याहून जास्त नव्हता. तीसेक मीटर गाडी चरातल्या मऊ बर्फातून घसरत राहिली, आणि रायमोच्या मनात स्पष्ट आलं, की चला, निभावलं. मग एका शेतघराकडे वळणारी वाट आली. ती वाट चरावरून मोरी टाकून नेलेली, मोरीवर दगडमातीचा उभा भराव. गाडीचं नाक त्या भरावावर आदळलं आणि सगळं एका जागी थांबलं.

रायमोला पट्ट्यानं धरून ठेवलं. मार्केता खुर्चीवर नव्हती. तिच्या हातात कप होता, थर्मासचं झाकण उघडं होतं, कारण मिनिटभरापूर्वी त्यानंच कॉफी मागितली होती. ती पुढच्या काचेखाली जाऊन आदळली आणि परत आलेल्या पुस्तकांचा क्रेट, जो कधीच कशाला बांधलेला नसायचा, मागून येऊन तिच्या पाठीवर बसला.

रायमो तिला उठवून बसवायला गेला, तेवढ्यात ट्रकवाला धावत आला आणि त्यानं त्याचा हात धरला. "हलवू नको तिला. मान, पाठ, कशाला हात लावू नको." त्यानं आपला अंगातला कोट काढून तिच्यावर टाकला. बाहेर उणे बावीस होतं. रुग्णवाहिका पस्तीस मिनिटांनी आली. तोवर मार्केता डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती आणि एकच विचारत होती, की पाय कुठं आहेत.

आरोग्य केंद्रात रायमोच्या दोन बरगड्या मोडल्याचं निघालं. एक तरुण पोलीस खाटेपाशी उभा राहून लिहून घेत होता. वेग किती, ट्रक कुठं होता, झोप पुरेशी झाली होती का. मग त्यानं विचारलं, बाई बसलेल्या होत्या ना, पट्टा लावून?

"हो," रायमो म्हणाला. "बसली होती."

का म्हणाला, ते त्यालाही नंतर नीट सांगता आलं नाही. त्या क्षणी त्याला वाटलं की आपण मार्केताला सांभाळून घेतोय. नियम मोडून उभी होती असं कागदावर आलं तर लोक तिलाच बोल लावतील. पोलिसानं पान उलटलं, आणि त्या पानाबरोबर ते वाक्य पक्कं झालं.

*

फेब्रुवारीत रस्ते अपघात तपास मंडळाच्या कात्री वेप्सा बाई आल्या. गाव सोडून जाणाऱ्या रस्त्यांवर गाडी खाली उतरून जे गंभीर अपघात झाले होते, ते सगळे त्या वर्षी हे मंडळ एकेक करून तपासत होतं. बाई वाहनांच्या जाणकार. पन्नाशीच्या, बुटक्या, हातात विजेरी. पालिकेच्या शेडमध्ये चेपलेली गाडी उभी होती आणि पुस्तकं अजून आतच होती. काही ओली होऊन फुगली होती.

बाईंनी आधी रायमोचा पट्टा ओढून दाखवला. जिथं तो कडीतून जातो तिथं घासल्याची चकचकीत पट्टी उमटली होती. "हा तुमचा. माणूस पट्ट्यावर झेपावला की अशी खूण राहते." मग त्यांनी घडीच्या खुर्चीचा पट्टा ओढला. तो कारखान्यातून आल्यासारखा स्वच्छ होता.

"सुटला असेल," रायमो म्हणाला.

"सुटायच्या आधीही ताण येतो, केत्तुनेन. ताण आला की खूण राहते."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी विजेरी बंद केली आणि त्या गाडीच्या पायरीवर बसल्या. आपण पोलीस नाही, दोष कुणाचा हे आपल्या कागदात नसतं, असं त्यांनी सांगितलं. दोन वर्षांपूर्वी अशाच चरात अशीच एक गाडी याहून जास्त वेगानं गेली होती. तिथं पुढं मोरी नव्हती. गाडी बर्फात रुतून थांबली आणि ती चालवणारी बाई दार उघडून बाहेर आली, आणि तिनंच फोन लावला. "तिथं तसं झालं आणि इथं असं का झालं, एवढंच मला शोधायचंय. तो भराव उतरता असता तर गाडी त्यावर चढून गेली असती. क्रेट बांधलेला असता तर पाठ कदाचित वाचली असती. हे सगळं मला लोखंड आणि माती सांगते. पण त्या बाई का उठल्या होत्या, हे लोखंड सांगत नाही."

"मला ठाऊक नाही," रायमो म्हणाला. ते दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा ते सहज निघालं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

बाईंनी आपला नंबर लिहून दिला आणि त्या गेल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात काउको घरी आला. काउकोचं पेट्रोल पंपामागं गॅरेज होतं आणि दोन वर्षांपूर्वी ती घडीची खुर्ची काढून नव्या बोल्टांवर त्यानंच पुन्हा बसवली होती. मार्केताची धाकटी बहीण इनकेरी हिनं पोलिसांचा कागद वाचला होता. त्यात लिहिलेलं, की मार्केता पट्टा लावून बसली होती. डॉक्टर म्हणत होते की पट्टा असता तर मणका असा तुटला नसता. इनकेरीनं दोन्ही वाक्यं एकत्र ठेवली आणि जे निघालं ते वकिलाला कळवलं, की पट्टा तरी खराब होता, नाहीतर खुर्ची तरी नीट बसवलेली नव्हती.

काउकोनं जुनी वही आणली होती. कोणत्या तारखेला काय केलं त्याची नोंद तिच्यात होती. रायमोची बायको लेआ हिनं कॉफी ओतली, पण त्यानं कपाला हात लावला नाही.

"चारही बोल्ट मी स्वतः आवळले, रायमो. दोनदा. पोराला हात लावू दिला नव्हता." त्यानं वही मिटली, पुन्हा उघडली. "रात्री उठून गॅरेजमध्ये जातो नि तसलीच दुसरी खुर्ची ओढून बघतो. तू तिथं होतास. खुर्ची उखडली का? एवढंच सांग. उखडली असेल तर मी दुकान बंद करतो."

"नाही उखडली," रायमो म्हणाला.

"मग पट्टा?"

रायमो खिडकीबाहेर बघत राहिला. आपल्याला फारसं आठवत नाही, सगळं एकदम झालं, असं काहीसं तो पुटपुटला. काउको थोडा वेळ बसला आणि वही काखेत मारून गेला. जाताना दाराशी बूट घालायला त्याला फार वेळ लागला.

लेआनं तिन्ही कप सिंकमध्ये रिकामे केले. तिच्या नवऱ्याच्या कपातली कॉफीही तशीच होती. पस्तीस वर्षं दिवसाला आठ कप पिणारा माणूस जानेवारीपासून कॉफीला शिवला नव्हता, आणि तिनं आजवर विचारलं नव्हतं.

"कॉफीचं काय आहे?" तिनं आता विचारलं.

मग त्यानं तिला सांगितलं. सगळं ऐकून लेआ बराच वेळ हात पुसत राहिली. शेवटी म्हणाली, "तू तिला नाही सांभाळलंस. तू स्वतःला सांभाळलंस." आणि मग जरा मऊ आवाजात, "शनिवारी गाडी मी चालवते. औलूला जाऊ, मार्केताकडं."

*

औलूच्या इस्पितळात मार्केता खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. केस कापलेले होते. रायमोला ती आधी ओळखूच आली नाही. लेआ खाली उपाहारगृहात थांबली.

मार्केताच बोलली, बराच वेळ. जेवण कसं बेचव असतं, व्यायाम घेणारा मुलगा कसा सारखा शाबास शाबास म्हणतो, जणू ती तीन वर्षांची आहे. मग ती म्हणाली, की तिला त्या दिवशीचं काही आठवत नाही. आउने आजीच्या अंगणात गाडी थांबली, आजी पुस्तकांची पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होती, तिथपर्यंत आठवतं. त्यापुढं एकदम छत, आणि ते छत इस्पितळाचं.

"कागदात लिहिलंय मी बसले होते. ती तपासणीवाली बाई येऊन गेली, ती म्हणते पट्टा लावलेला नव्हता. इनकेरी म्हणते बाई खोटारडी आहे, काउकोला वाचवतेय." ती त्याच्याकडे वळली. "डॉक्टरांनी विचारलं, तुम्हाला चालत्या गाडीत उठायची सवय होती का? इनकेरीही एकदा रागात म्हणाली, की तू पहिल्यापासून धांदरटच. खरं सांगू, मलाही तसंच वाटतं. उठले असेन काही तरी आठवून. तू सांग. मी उभी होते का?"

"होतीस."

"का?"

येताना गाडीत त्यानं जुळवलेली सगळी वाक्यं गेली. "मी कॉफी मागितली होती," तो म्हणाला. "तू ओतत होतीस. पोलिसांना मी खोटं सांगितलं. त्या बाईंनाही."

बाहेर कुणी तरी फावड्यानं पायरीवरचा बर्फ खरवडत होतं. मार्केता त्या आवाजाकडं कान देऊन असल्यासारखी बसली होती.

"तुझ्या हातात पोचला होता का कप?" तिनं विचारलं.

"नाही."

तिनं मान हलवली. "जा आता," ती म्हणाली. ती रागानं म्हणाली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्याच संध्याकाळी लेआच्या गाडीतून त्यानं कात्री वेप्सांना फोन लावला. बाईंनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, की हे पोलिसांनाही सांगावं लागेल, आणि सोमवारपर्यंत थांबू नका. तो थांबला नाही. पोलिसांनी नवा जबाब घेतला, पुढं दंडही झाला. काउकोकडं तो पायी गेला. काउकोनं ऐकून घेतलं, एका गिऱ्हाइकाच्या गाडीचं बॉनेट आपटून बंद केलं, आणि आत जाऊन गॅरेजचं शटर खाली ओढलं. त्यानंतर कित्येक महिने पंपावर भेट झाली तरी तो रायमोकडं बघायचा नाही. गावही काही दिवस तसंच वागलं. दुकानात रांगेत उभं राहिलं की बोलणं थांबायचं. गाडी चालवायचं काम रायमोनं आपणहून सोडलं आणि मुख्य वाचनालयाच्या तळघरात पुस्तकं बांधायला, डकवायला जाऊ लागला.

सप्टेंबरात मंडळाचा अहवाल आला. त्यात कुणाचं नाव नव्हतं. चालक, पुरुष, अठ्ठावन्न. प्रवासी, स्त्री, सत्तावन्न. बर्फ सारताना चरावर झालेला सपाट थर, मोरीचा उभा भराव, न बांधलेला क्रेट, आणि प्रवासी चालकाच्या विनंतीवरून चालत्या गाडीत उभी होती, असं एका ओळीत. रायमोनं ती ओळ वाचली. 'चालकाच्या विनंतीवरून' हे शब्द त्यानं पुन्हा वाचले. खरे होते, पण पूर्ण नव्हते, आणि ते पूर्ण नाहीत हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. त्या शरदात रस्तेवाल्यांनी तळ्याकाठच्या सोळा मोऱ्यांचे भराव उतरते करून घेतले. रायमो सायकलवरून तिथं गेला आणि नव्या मातीवर कुणी गवताचं बी टाकत होतं ते बघून परत आला.

*

मार्केताचा फोन ऑक्टोबरात आला. ती गावी परतली होती, वाचनालयाजवळच्या तळमजल्यावरच्या घरात. तिनं कसा आहेस वगैरे विचारलं नाही.

"आउने आजीच्या अंगणापासून त्या भरावापर्यंत चाळीस मिनिटं होतात. मी वेळापत्रक बघितलं. ती माझी आहेत आणि तुझ्याकडं पडून आहेत. ये आणि सांग. माफी वगैरे मागायला येणार असशील तर येऊ नको."

तो गेला. तिनं राय धान्याचा काळा पाव आणि लोणी टेबलावर ठेवलं होतं, कॉफी केली नव्हती. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि सांगू लागला. आधी वाक्यं अडखळत होती, मग सुटी झाली. आउने आजीनं अकरा पुस्तकं परत केली आणि एकात खूण म्हणून पाव कापायची सुरी घातलेली होती, त्यावरून तू तिला बोललीस. ती म्हणाली, सुरी पुस्तकाहून स्वच्छ आहे. मग पुढच्या वाडीवर कुणीच नव्हतं, आपण सात मिनिटं उगाच थांबलो. तू परत आलेली पुस्तकं चाळत होतीस. एकातून चिठ्ठी पडली. कुणाची तरी यादी होती, मासे, दिव्याच्या वाती, आणि खाली, एल्साला फोन, रागवायचं नाही. तू ती तीनदा वाचलीस. कोण एल्सा, यावर आपण तळं संपेपर्यंत भांडलो. तू म्हणालीस सून असणार. मी म्हटलं बहीण.

मार्केता हसली नाही, पण तिचा चेहरा कुठं तरी सैल झाला. "बहीणच," ती म्हणाली. "मग?"

इथं रायमो थांबला. त्यानं पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"मग मी म्हटलं, घोटभर कॉफी दे, डोळे जड झालेत. तू म्हणालीस, पाच मिनिटांत थांबा आहे, दम निघत नाही का? पट्टा सोडला नाहीस. मी पुन्हा म्हटलं, पाच मिनिटांत मी झोपेन नि तुलाच गाडी ढकलावी लागेल. तू म्हणालीस, गाडी हलतेय, थांबल्यावर देते. मी तिसऱ्यांदा मागितली. चेष्टेनं, पण मागितली. तेव्हा तू उठलीस. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तपासणीवाल्या बाईंनाही नाही. तिथं फक्त मागितली एवढंच म्हटलं."

वरच्या मजल्यावर कुणी तरी खुर्ची सरकवली.

"म्हणजे मी नाही म्हटलं होतं," मार्केता म्हणाली.

"दोनदा."

"धांदरटपणानं उठले नव्हते."

"नाही. तू अकरा वर्षांत चालत्या गाडीत कधीच आपणहून उठली नव्हतीस."

तिनं मांडीवरचं पांघरूण सारखं केलं, खरं म्हणजे ते सारखंच होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलं नाही. रायमोला हात पुढं करावासा वाटला, पण त्यानं केला नाही.

"हे लिहून दे," ती म्हणाली. "इनकेरीला वाचायला. आणि त्या बाईंनाही पाठव, त्यांचा कागद पुरा होऊ दे."

"देतो."

"आत्ता नको. आत्ता परत पहिल्यापासून सांग. तू बोलत होतास तेव्हा निम्मं माझ्या कानात गेलंच नाही, पुढं काय येणार याचीच धास्ती होती." तिनं पावाचं ताट त्याच्याकडं सरकवलं. "सुरीपासून सांग."

रायमोनं खुर्ची टेबलाजवळ ओढली, नीट बसला आणि पुन्हा सांगायला लागला, की आउने आजी पिशवी घेऊन पायऱ्या उतरत होती.